वजाबाकीतली एकच संख्या

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर उभारलेल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाच्या निमित्ताने, पंतप्रधानांच्या हस्ते झाले. पुतळ्याची उंची ३५ फूट सांगितली गेली. २६ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी तो कोसळला. मधले दिवस मोजले तर ते २६६ भरतात. त्यानंतर जे राजकारण झाले त्यात आम्हाला शिरायचे नाही. दोष कोणाचा हे ठरवणे तपासयंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम आहे. आम्हाला तपासायचे आहे ते त्या दिवसांत वारंवार ऐकू आलेले एक वाक्य. 'वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता' हे ते वाक्य. सरकारकडून ते सांगितले गेले, वृत्तपत्रांनी ते छापले, दूरचित्रवाणीवर ते ऐकू आले आणि पुष्कळ सुशिक्षित लोकांनी ते 'पुतळा का पडला?' या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्वीकारले. ज्यांनी ते नाकारले त्यांनीही बहुधा रागाने नाकारले. कागद-पेन्सिल घेऊन बसलेले फार थोडे दिसले.

हे वाक्य शास्त्रीय वाटते, कारण त्यात एक संख्या आहे आणि संख्येला एककही आहे. पण ते उत्तर नाही. समजा प्रयोगशाळेत दोऱ्याला वजन टांगले आणि दोरा तुटला. का तुटला, असे विचारल्यावर विद्यार्थी म्हणाला, 'दोन किलो टांगले होते म्हणून.' कोणताही बरा शिक्षक लगेच विचारील, 'दोरा किती पेलणारा होता?' पाच किलो पेलणारा दोरा दोन किलोला तुटला तर दोरा खराब, एक किलो पेलणारा तुटला तर टांगणारा अविचारी. म्हणजे वस्तू मोडते तेव्हा पाहायची असते एक वजाबाकी : पेलण्याची क्षमता वजा आलेला भार. ताशी ४५ किलोमीटर ही त्या वजाबाकीतली एकच संख्या आहे, आणि तीही अजून भार झालेली नाही, नुसता वेग आहे.

आधी त्या वेगाचीच ओळख करून घेऊ. बोफर्ट मापश्रेणीत ताशी ३९ ते ४९ किलोमीटर वाऱ्याला सहावा क्रमांक आहे. त्याची खूण अशी की झाडांच्या मोठ्या फांद्या हलू लागतात आणि छत्री धरणे अवघड जाते. घरे पडण्याच्या खुणा या श्रेणीत बऱ्याच पुढे येतात. पावसाळ्यात हवामान खाते मच्छीमारांना जे इशारे देते त्यांत 'ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत' हे शब्द इतक्या वेळा येतात की दांडीच्या किनाऱ्यावरच्या माणसाला ते पाठ असतात. असा इशारा आला की होडी बाहेर काढायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. कौले उडतील अशी भीती कोणी घेत नाही. आणखी एक गोष्ट. २६ ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. अष्टमीची भरती भांगाची असते, त्यामुळे उधाणाकडेही बोट दाखवता येत नाही. (पुतळा चौथऱ्यावर होता, तिथवर पाणी येण्याचा प्रश्नच नव्हता, हे खरेच. पण कारणे शोधताना समुद्राचेही नाव घेतले जाते म्हणून हा उल्लेख.)

आता वेगापासून भाराकडे जाऊ. वाहती हवा एखाद्या पृष्ठभागावर अडली की तिच्या गतिज ऊर्जेमुळे दाब निर्माण होतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला अर्धा × घनता × वेगाचा वर्ग हे सूत्र ठाऊक असते. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली की अर्धा गुणिले १.२ म्हणजे ०.६. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात, जो इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी आहे, हेच ०.६ दिलेले आहे. म्हणजे सरकारी मानकातले सूत्र आणि पाठ्यपुस्तकातले सूत्र एकच. ही गोष्ट वर्गात सांगितल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर. वर्ग १५६. त्याला ०.६ ने गुणले की दाब येतो सुमारे ९४ न्यूटन प्रति चौरस मीटर. घरगुती भाषेत, एक मीटर लांब-रुंद पत्र्यावर साडेनऊ किलोचा रेटा. पुतळ्याची उंची १०.७ मीटर. रुंदी सर्वत्र सारखी नसते. आम्ही सरासरी तीन मीटर धरतो. हा आमचा अंदाज आहे आणि वाचकांनी तो खुशाल बदलावा. क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर, आकारामुळे येणारा गुणक १.३ धरला तर एकूण रेटा ३,९०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलो. सहा-सात धट्ट्याकट्ट्या माणसांनी एकदम पुतळ्यावर रेलावे तसे.

पण इथे थांबणे बरोबर नाही. 'ताशी ४५' हा वेग कसला? वाऱ्याचा वेग क्षणाक्षणाला बदलतो. वेधशाळा सांगते तो वेग बहुधा काही मिनिटांची सरासरी असतो, आणि त्या मिनिटांत काही सेकंदांचे झोत सरासरीच्या दीडपटीपर्यंत सहज जातात. मोजणारे उपकरण कुठे होते, किती उंचीवर होते, आजूबाजूला माड होते की मोकळा समुद्र, यावरही आकडा बदलतो. राजकोट हा समुद्राकडे तोंड करून असलेला खडक आहे, शहरातल्या वाऱ्यावरून तिथला वारा सांगता येत नाही. म्हणून ज्यांनी ४५ चा आकडा सांगितला त्यांना पूर्ण सूट देऊ. झोत दीडपट धरू. ताशी ६७.५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १८.७५ मीटर. दीडाचा वर्ग सव्वादोन, म्हणून दाबही सव्वादोनपट : २११ न्यूटन.

हा वर्ग फार महत्त्वाचा आहे. वेगाच्या मोजमापात दहा टक्के चूक झाली तर दाबात एकवीस टक्के चूक होते. म्हणून वाऱ्याच्या गणितात पहिला प्रश्न नेहमी 'कसला वेग?' हाच असतो. बातम्यांत तो कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात आले नाही. उलट ३५ फुटांचे १०.६६८ मीटर करून तीन दशांश स्थळे दाखवणारे लिखाण मात्र आम्ही वाचले. उंची फुटाच्या हिशेबात सांगितलेली आणि उत्तर मिलिमीटरमध्ये. कॅल्क्युलेटर दाखवतो तेवढे सगळे आकडे खरे मानायचे, ही सवय आपणच वर्गात लावतो.

आता दुसऱ्या संख्येकडे वळू. पुतळा कितीचा वारा पेलायला हवा होता? याचे उत्तर मतावर अवलंबून नाही. वर उल्लेखिलेल्या मानकात देशाचे वाऱ्यानुसार विभाग पाडलेले आहेत. मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे आणि मालवणच्या दक्षिणेला असलेल्या पणजीसाठी ३९. आपण कमी तोच घेऊ, ३९. तो ताशी १४० किलोमीटर होतो. हा तीन सेकंदांच्या झोताचा वेग आहे, मोकळ्या जमिनीवर दहा मीटर उंचीवरचा. म्हणजे आपल्या पुतळ्याच्या उंचीचाच. दाब येतो ९१३ न्यूटन. ९४ शी तुलना केली तर जवळजवळ दहापट. झोताची सूट देऊन काढलेल्या २११ शी केली तरी चौपटीहून अधिक.

वेगांची तुलना केली तर ४५ आणि १४० यांत तिपटीचा फरक दिसतो. दाबात तो दहापटीचा आहे. चर्चेत वेग बोलला जातो आणि लोखंडाला दाब सोसावा लागतो, या एका गोष्टीमुळे सामान्य माणसाची किती दिशाभूल होते पाहा.

३९ हा आकडा कुठून आला, हेही मुलांना सांगावे. वेधशाळेत दर वर्षीचा सर्वांत जोराचा झोत नोंदवतात. अनेक वर्षांचे असे वार्षिक उच्चांक घेऊन, 'सरासरीने पन्नास वर्षांतून एकदा ओलांडला जाईल' असा वेग काढतात. अर्थ असा की कोणत्याही एका वर्षी तो ओलांडला जाण्याची शक्यता पन्नासात एक, म्हणजे ०.०२. पुष्कळांना वाटते की मग पन्नास वर्षे निश्चिंती. हिशेब करू. एका वर्षी न ओलांडला जाण्याची शक्यता ०.९८. पन्नास वर्षे सलग न ओलांडला जाण्याची शक्यता ०.९८ चा पन्नासावा घात. लॉगॅरिथमच्या तक्त्याने दोन मिनिटांत उत्तर येते, ०.३६४. म्हणजे पन्नास वर्षांत तो वारा निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के. अशा वास्तूला तो वारा भेटण्याचाच संभव अधिक. तो दुर्मीळ अपवाद नाही. म्हणून अभियंता त्या वाऱ्यासाठी आराखडा करतो आणि वर सुरक्षिततेची जागा ठेवतो.

कोकणाला तर हे सांगायलाच नको. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान, ३ जून २०२० चे निसर्ग, मे २०२१ चे तौक्ते ही वादळे एकाच पिढीने पाहिली. तौक्ते १६ मे रोजी सिंधुदुर्गाच्या बाजूने वर सरकले आणि गुजरातेत जमिनीवर चढले. राजकोटचा पुतळा तेव्हा नव्हता. त्याच्या वाट्याला आलेला एकमेव पावसाळा या वादळांच्या तुलनेत साधा म्हणावा लागेल.

मग ३९ च्या वाऱ्याला टिकणारा पुतळा उभारणे फार अवघड, फार खर्चिक असते का? हाही हिशेब आपण करू शकतो, निदान अदमासाने. पडल्यानंतरच्या छायाचित्रांत चौथऱ्यावर पावलांचा भाग राहिलेला दिसत होता. म्हणजे पुतळा चौथऱ्यावरून कलंडला नाही, पावलांच्या वर मोडला. उभ्या मनुष्याकृतीत हे ठिकाण सर्वांत अरुंद आणि सर्वांत जास्त ताणाचे असते. वारा साऱ्या शरीराला ढकलतो आणि त्याचा जाब घोट्याला द्यावा लागतो.

रेटा ३,९०० न्यूटन, तो मध्यावर, म्हणजे ५.३ मीटर उंचीवर लागला असे धरले तर वाकवणारा मोमेंट सुमारे २१ हजार न्यूटन-मीटर. घोट्याच्या आतल्या सांगाड्याची पुढची आणि मागची सळई यांत अर्धा मीटर अंतर आहे असे समजू. मग एका बाजूला ताण आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच दाब, ४२ हजार न्यूटनचा. दोन पाय आहेत, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला २१ हजार. साधे पोलाद चौरस मिलिमीटरला २५० न्यूटनच्या आसपास कायमचे लांबू लागते, म्हणून सुरक्षित मर्यादा १६५ धरण्याची पद्धत होती. २१ हजार भागिले १६५ म्हणजे १२७ चौरस मिलिमीटर. तेरा मिलिमीटर व्यासाची एक सळई! ताशी ४५ च्या वाऱ्यासाठी, आमच्या अंदाजांनुसार, प्रत्येक घोट्यात पुढे एक आणि मागे एक अशी करंगळीएवढी सळई पुरेशी होते. आता तोच हिशेब ३९ मीटरच्या वाऱ्यासाठी केला तर क्षेत्रफळ दहापट लागते, व्यास येतो ४० मिलिमीटर. म्हणजे मनगटाहूनही बारीक. पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण होणाऱ्या स्मारकाला हे महाग नव्हे.

या हिशेबात आम्ही बरेच काही सोडले आहे. पुतळ्याचा तोल एका बाजूला असेल, उगारलेल्या तलवारीमुळे भार वाढेल, झोतांमुळे सांगाडा थरथरतो आणि जोड थकतात, हे सारे खरे. खरा आराखडा करणाऱ्याला ते विचारात घ्यावेच लागते. पण या सर्वांनी उत्तर दुप्पट होईल, तिप्पट होईल. 'ताशी ४५ च्या वाऱ्याने पडला' हे विधान खरे व्हायला ते तेवढे पुरेसे नाही. त्यासाठी क्षमताच फार कमी असावी लागते. अशा ढोबळ हिशेबाचा हाच उपयोग असतो. तो खरे उत्तर देत नाही, पण कोणत्या दिशेला पाहायचे ते सांगतो.

त्या दिशेला काय दिसते? पुतळा पडण्याच्या काही दिवस आधी त्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाकडून नौदलाला गेले होते, अशी बातमी होती. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीच्या अहवालाविषयी ज्या बातम्या आल्या त्यांत गंज, सांगाड्याची कमजोरी आणि सदोष वेल्डिंग हे शब्द होते. यांतला प्रत्येक शब्द वजाबाकीतल्या दुसऱ्या संख्येचा आहे.

गंजाचे गणितही थोडे पाहावे. तेरा मिलिमीटरची सळई सभोवार एक मिलिमीटर गंजली तर व्यास अकरा राहतो आणि क्षेत्रफळ २८ टक्क्यांनी घटते. चाळीस मिलिमीटरची सळई तेवढीच गंजली तर घट दहा टक्क्यांच्या आत राहते. बारीक सांगाडा एकतर आधीच काठावर असतो आणि गंज त्यालाच अधिक लवकर खातो. त्यात खारा वारा, आणि त्यातही दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले तर विद्युतघटच तयार होतो. कांसे आणि पोलाद खाऱ्या ओलाव्यात जोडले की पोलाद झिजते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात तांब्याचे कवच आणि लोखंडी पट्ट्या होत्या. १८८६ मध्ये उभारताना दोहोंमध्ये विलग करणारा थर घातला होता, तो कालांतराने निकामी झाला आणि पट्ट्या गंजून फुगल्या. १९८० च्या दशकातल्या डागडुजीत त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. तिथे हे व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, हेही लक्षात ठेवावे.

वाऱ्याने पडलेल्या बांधकामाचा आणि त्यानंतरच्या हिशेबाचा सर्वांत प्रसिद्ध दाखला स्कॉटलंडमधला आहे. टे नदीच्या खाडीवरचा रेल्वेपूल १८७८ मध्ये सुरू झाला आणि २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री, वरून गाडी जात असताना, त्याचे मधले उंच गाळे कोसळले. सुमारे ७५ माणसे गेली. तेव्हाही 'असाधारण वादळ' हे कारण पुढे आले. चौकशीत आराखडा करणारे टॉमस बाउच यांना विचारले गेले की वाऱ्यासाठी किती दाब धरला होता. खास असा काहीच धरलेला नव्हता. ओतीव लोखंडाचे खांब सदोष होते, जोडांची देखभाल झालेली नव्हती. चौकशीने वाऱ्याला सोडले नाही, पण वाऱ्यावर सारे ढकलूही दिले नाही. त्यानंतर ब्रिटनमध्ये पुलांसाठी चौरस फुटाला ५६ पौंड दाब धरण्याचा नियम झाला आणि १८९० च्या फोर्थ पुलाचा आराखडा त्या नियमाने झाला. त्या कामावर बेंजामिन बेकर यांनी वारा मोजायला दोन फळ्या उभ्या केल्या होत्या, एक दीड चौरस फुटाची आणि एक तीनशे चौरस फुटांची. मोठ्या फळीवर दर चौरस फुटाला पडणारा दाब लहान फळीपेक्षा कमी भरला. कारण झोत साऱ्या मोठ्या फळीवर एकाच वेळी पडत नाही. म्हणजे ५६ हा आकडाही डोळे मिटून घेण्याचा नव्हता. पण तो निदान होता, छापलेला होता, आणि पुढच्या प्रत्येक अभियंत्याला त्याला उत्तर द्यावे लागत होते. त्या चौकशीतली साक्ष आणि आकडेमोड छापून निघाली, म्हणून आजही एखादा विद्यार्थी ती पुन्हा करून पाहू शकतो. राजकोटची आकडेमोड अशी छापली गेली तर आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना त्याहून चांगला धडा मिळणार नाही.

सरकारी विधानावर टीका करणाऱ्यांचाही हिशेब घेतला पाहिजे, नाहीतर आमची टीका एकांगी होईल. त्यांचे आवडते वाक्य असे : 'समोरचा सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षे उभा आहे आणि पुतळा नऊ महिनेही टिकला नाही.' भावनेच्या दृष्टीने हे वाक्य जबरदस्त आहे. तर्काच्या दृष्टीने कच्चे आहे. १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाची तटबंदी जाड दगडी आहे. तिला वाऱ्याची पर्वा नाही, तिचे वैर लाटांशी. उंच, पोकळ धातूच्या आकृतीशी तिची तुलना होत नाही. आणि मुख्य म्हणजे उभे आहे तेच आपल्याला दिसते. ज्या राजकोटावर पुतळा उभारला तोही त्याच काळातला, सिंधुदुर्गाच्या पाठराखणीसाठी बांधलेला. त्याचे थोडे अवशेषच उरले होते. सर्जेकोटाचीही दशा काही फार वेगळी नाही. जे टिकले तेवढेच मोजून 'पूर्वीचे बांधकाम मजबूत' असा निष्कर्ष काढणे म्हणजे पास झालेल्यांचेच गुण घेऊन शाळेची सरासरी काढणे. कोणी म्हणेल, शेजारचे माड कसे पडले नाहीत? माड वाकतो, झावळ्या वाऱ्याबरोबर मिटतात आणि वाऱ्यापुढचे क्षेत्रफळ आपोआप कमी होते. पुतळ्याला ती सोय नाही. सरकारचा युक्तिवाद चुकला म्हणून विरोधकांचा आपोआप बरोबर ठरत नाही.

दोन्ही बाजूंच्या या ढिलाईचे मूळ आमच्या मते आपल्या वर्गात आहे. सांख्यिकी म्हणजे मध्य, मध्यक आणि बहुलक. गुणांची सरासरी, वयाची सरासरी, दुधाची सरासरी. विद्यार्थी दहा वर्षे सरासरी काढतो आणि 'जास्तीत जास्त किती होऊ शकेल?' हा प्रश्न त्याला कोणी विचारतच नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा सरासरी पाऊस सांगताना आंबोली आणि मालवण एका कंसात जातात, जरी आंबोलीचा पाऊस मालवणच्या दुपटीहून अधिक असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७४ देखील नीट भरला नाही. दोहोंची सरासरी ५०९ च्या आसपास येते. तेवढा पाऊस दोन्ही ठिकाणी पडला नाही, आणि त्या सरासरीने गटार बांधले असते तर ते एका ठिकाणी फार मोठे आणि दुसऱ्या ठिकाणी फार लहान झाले असते.

टोकांचे शास्त्र सरासरीच्या शास्त्रापेक्षा वेगळे असते, हे कळायलाही जगाला वेळ लागला. इंग्लंडमधल्या कापूस संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिपेट यांना सुताची ताकद मोजायची होती. सूत तुटते ते त्यातल्या सर्वांत कमजोर ठिकाणी, सरासरी ठिकाणी नव्हे. त्या प्रश्नातून त्यांनी आणि फिशर यांनी १९२८ मध्ये टोकाच्या मूल्यांचे गणित मांडले. पुढे गुंबेल यांनी ते पुरांना लावले, आणि आज वाऱ्याचे, पुराचे, लाटांचे आराखडे त्यावर उभे आहेत. वर्गात यातले फार काही लागत नाही. तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी मिळवाव्या. दर वर्षीच्या सर्वांत मोठ्या एका दिवसाच्या पावसाचा आकडा काढावा. वीस वर्षांचे वीस आकडे उतरत्या क्रमाने लावावे. पहिल्याचा पुनरावृत्तिकाल २१ भागिले १, दुसऱ्याचा २१ भागिले २, तिसऱ्याचा ७ वर्षे. आलेखावर बिंदू मांडून, आपल्या गावच्या साकवाखालून किती पाणी जाईल असा विचार करायला लावावे. एका तासिकेत होणारे काम आहे.

वाऱ्यासाठी राजकोटच पुरे. तिथे आता ६० फुटी पुतळा उभा आहे, मे २०२५ पासून. मुलांना विचारावे : ३५ फुटी आकृती जशीच्या तशी, सगळ्या सळयांसकट, ६० फुटांपर्यंत वाढवली तर काय होईल? लांबी १.७१ पट. क्षेत्रफळ आणि म्हणून वाऱ्याचा रेटा २.९४ पट, मोमेंट ५.०४ पट. घोट्यातील सळयांचे अंतरही १.७१ पट झाले, म्हणून सळईवरचे बल २.९४ पट, आणि सळईचे क्षेत्रफळही तेवढेच पट. वाऱ्याचा ताण होता तेवढाच राहिला. मुले म्हणतील, मग अडचण काय? मग वजन काढायला सांगावे. वजन घनफळाप्रमाणे ५.०४ पट होते आणि ते पेलणारा घोटा फक्त २.९४ पट. म्हणजे स्वतःच्याच वजनाचा ताण १.७१ पट, वाऱ्याची झुळूकही नसताना.